संयोगाचे स्वामित्व

मनुष्याच्या हातून जे जे म्हणून नवे निर्माण होते, ते बारकाईने पाहू गेल्यास बहुधा जुन्याचीच नवी जुळणी असते. कवी नवे शब्द घडवीत नाही. तो जुनेच शब्द शेजारी शेजारी बसवितो. सुगरण नवे धान्य पिकवीत नाही. शेजारणीच्या फडताळात जे डबे असतात तेच तिच्याही फडताळात असतात. यंत्र करणाराही चाक, दांडा आणि मळसूत्र ह्यांच्या पलीकडे फारसा जात नाही. असे असता, एखाद्याने सर्वांस माहीत असलेल्या दोन वस्तू एकत्र केल्या आणि ‘ही जुळणी माझी, माझ्या अनुमतीवाचून ती इतर कोणी करू नये’ असे म्हटले, तर त्यास काय उत्तर द्यावे? ‘जुळणी ही कधीच कोणाची नसते’ असे म्हणावे, तर शोध ह्या शब्दालाच अर्थ उरत नाही. ‘प्रत्येक जुळणी जुळविणाऱ्याची’ असे म्हणावे, तर उद्या सुंठ आणि गूळ एकत्र करण्यासही कोणाची तरी परवानगी काढावी लागेल. ह्या दोन टोकांच्या मध्ये न्यायाची रेघ कोठे ओढावी, हा ह्या लेखाचा विषय आहे. तो वरवर कायद्याचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञान म्हणजे काय आणि ते कोणाचे, हा जुनाच प्रश्न आहे.

अलीकडे हा प्रश्न पोषक पूरकांच्या व्यापारात विशेष निकराने लढविला जात आहे. कोणत्याही औषधांच्या दुकानात शिरावे, तो फळीवर डब्यांची रांग दिसते. एकात जीवनसत्त्वे, दुसऱ्यात स्नायूंसाठी क्रिएटिन व ॲमिनो आम्ले, तिसऱ्यात सांध्यांसाठी ग्लुकोसमीन, चौथ्यात हळदीचे सत्त्व. ह्यांतील एकही द्रव्य विकणाऱ्याने शोधलेले नसते. त्याने केलेले असते ते इतकेच की, दोन-चार द्रव्ये अमुक प्रमाणात एका गोळीत घातली. आणि त्या घालण्यावरच तो पेटंट मागतो.

पेटंट म्हणजे समाजाने शोधकाशी केलेला एक करार होय. शोधकाने आपली विद्या गुप्त न ठेवता सर्वांसमक्ष लिहून द्यावी आणि मोबदला म्हणून समाजाने वीस वर्षे तिचा उपयोग इतरांस मना करावा, असे त्याचे स्वरूप आहे. करार म्हटला की दोन्ही पक्षांनी काही दिले पाहिजे. समाजाजवळ जे आधीपासून आहे तेच त्याला परत देऊन जर कोणी मोबदला घेतला, तर तो करार नसून फसवणूक होय. म्हणूनच कायदा तीन अटी घालतो. वस्तू नवी असली पाहिजे; ती उपयोगी असली पाहिजे; आणि त्या धंद्यात मुरलेल्या सामान्य कुशल माणसास ती सहज सुचण्याजोगी नसावी. पहिल्या दोन अटींचा निवाडा त्या मानाने सोपा आहे. स्नायूंचे बळ वाढविण्यासाठी केलेल्या एका मिश्रणाच्या उपयोगावरील पेटंट २००९ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने रद्द ठरविले, ते ‘फ्लेक्स’ नावाच्या व्यायामविषयक मासिकात आधीच छापून आलेल्या एका जाहिरातीच्या आधारे. जुन्या मासिकाचे एक पान काढून दाखविले की नवेपणाचा दावा संपतो. परंतु ‘सहज सुचण्याजोगे’ म्हणजे काय, हे असे पान काढून दाखविता येत नाही. खरी अडचण तेथे आहे.

न्यायालये ह्या अडचणीशी दीडशेहून अधिक वर्षे झगडत आली आहेत. शिसपेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसविण्याचे पेटंट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ साली नाकारले. पेन्सिल पेन्सिलीचे काम करते आणि रबर रबराचे. एकत्र आल्याने दोहोंपैकी कोणीही आपल्या कामाहून अधिक काही करीत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. मांस बारीक करण्याचे यंत्र आणि ते आतड्याच्या नळीत भरण्याचे यंत्र ही दोन जोडून एक करणाऱ्यासही इंग्लंडातील न्यायालयाने १८९० साली हेच सांगितले. आपल्याकडे मिर्झापूर येथील भांडी चरकावर धरण्याच्या एका युक्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली न्यायालयाने असे ठरविले की, शोधक बुद्धीचा व्यापार ज्यात नाही अशी जुन्या भागांची केवळ मांडामांड पेटंटास पात्र नाही. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने तर मिश्रणांसाठी वेगळे कलमच घातले आहे. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होते, ते त्या कलमाप्रमाणे शोध ठरत नाही.

बेरीज आणि बेरजेहून अधिक, हा भेद कायदेपंडितांनी काढला असे मात्र कोणी समजू नये. जॉन स्टुअर्ट मिल्ल ह्याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारणे दोन रीतींनी एकत्र येतात असे दाखविले आहे. एक रीत यंत्रशास्त्राची. दोन माणसे गाडा ढकलू लागली, तर दोघांच्या बळावरून गाड्याची गती आगाऊ काढता येते. दुसरी रीत रसायनाची. तेथे घटकांचे गुण कितीही पाठ केले, तरी संयुगाचा गुण त्यांतून काढता येत नाही. प्राणवायू आणि उज्ज ह्यांच्या गुणांत पाण्याचा ओलेपणा कोठेही सापडत नाही.

मिल्लच्या कित्येक शतके आधी आपल्या वैद्यांनी हाच विचार औषधांच्या संबंधाने केला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा परिणाम ठरविणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत संयोग ही एक आहे. दोन किंवा अनेक द्रव्ये एकत्र आली असता, एकेकटे द्रव्य जे करू शकत नाही असा विशेष परिणाम घडतो, असे तेथे म्हटले असून मध आणि तूप ह्यांचा दाखला दिला आहे. त्याच अध्यायात ह्याहूनही सूक्ष्म विचार आहे. काही समुदायांत अवयवांच्या प्रभावावरून समुदायाच्या प्रभावाचे अनुमान करता येते. परंतु जे विकृतिविषमसमवेत आहेत, म्हणजे ज्यांत घटक एकमेकांस बदलून टाकतात, तेथे असे अनुमान चालत नाही. समुदायाचा प्रभाव स्वतंत्रपणेच पाहावा लागतो. आजच्या न्यायाधीशापुढे मिश्रणाचा खटला आला म्हणजे तो जे विचारतो ते दुसरे काय असते? घटक माहीत असता मिश्रणाचे फळ आगाऊ सांगता आले असते की नाही, एवढेच तो विचारतो.

येथवर विचार सरळ आहे. परंतु तो लावू गेल्यास एक पेच उभा राहतो. चार्वाकमताच्या विवेचनात विड्याचा दृष्टान्त येतो. पान, सुपारी आणि चुना ह्यांपैकी एकातही तांबडा रंग नाही. तिन्ही चघळली असता तो उत्पन्न होतो. ज्याने पहिल्यांदा विडा खाल्ला त्याला हे फळ खचित अनपेक्षित वाटले असेल. आज ते पोरासोरांसही ठाऊक आहे. म्हणजे ‘अनपेक्षित’ हा वस्तूचा गुण नसून पाहणाऱ्याच्या ज्ञानाचा गुण आहे, आणि ज्ञान तर रोज बदलते. कोड्याचे उत्तर कळल्यानंतर ते कोडे अवघड होते, हे कोणासही पटवून देता येत नाही. न्यायाधीश उत्तर कळल्यानंतरच आसनावर बसलेला असतो. म्हणून त्याला प्रत्येक शोध सोपा वाटण्याचा धोका आहे. उलटपक्षी, शोधकाच्या वकिलाचे काम साधी गोष्ट गहन करून दाखविण्याचे असते. एकाची पश्चाद्दृष्टी आणि दुसऱ्याचा स्वार्थ ह्यांच्या मध्ये सत्य सापडावयाचे आहे.

ह्यातून मार्ग काढण्यासाठी कायद्याने एक काल्पनिक पुरुष निर्माण केला आहे. तो प्रतिभावान नाही आणि मठ्ठही नाही. आपल्या धंद्यातील सर्व लिखाण त्याने वाचलेले आहे. आणि शोधाच्या आदल्या दिवशी तो उभा आहे. त्याला ही जुळणी सुचली असती काय, आणि ती साधेल अशी रास्त आशा त्याला वाटली असती काय? १९६६ सालच्या एका खटल्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड वापरून, नुसते पाणी घालताच चालू होणाऱ्या विद्युत्घटाचा वाद होता. दोन्ही द्रव्ये जुनीच होती. परंतु तज्ज्ञांनी प्रथम त्या घटावर विश्वासच ठेवला नव्हता, आणि पूर्वीचे लिखाणही त्या वाटेपासून परावृत्त करणारेच होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट उचलून धरले. उलट २००७ साली, मोटारीच्या पुढेमागे सरकणाऱ्या पायपट्टीवर विजेचा संवेदक बसविण्याच्या वादात त्याच न्यायालयाने पेटंट नाकारले आणि असे बजाविले की, हा सामान्य कुशल मनुष्य अगदीच कळसूत्री बाहुली नव्हे. चार ठिकाणची माहिती जुळविण्याइतकी कल्पकता त्यालाही असते. एकच कसोटी दोन्हीकडे लावली आणि दोन निर्णय झाले. ज्या जुळणीकडे धंदा आपल्या पायांनी चालतच आला होता, ती कोणा एकाची नव्हे. जिच्याकडे धंद्याने पाठ फिरविली होती, ती ज्याने केली त्याची.

आता हाच न्याय आपल्या स्वयंपाकघरातील दोन वस्तूंस लावून पाहू. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ साली जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर हे ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे त्या वेळी प्रमुख होते, तिने ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले, ही हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्या प्रकरणात विचाराला फारशी जागाच नव्हती. पोराचा गुडघा फुटला की आजी हळदीचा डबा उघडते. तेव्हा तेथे नवे काहीच नव्हते, आणि जुने लेख दाखविताच दावा कोसळला.

परंतु हळदीच्या शेजारी मिरी ठेवली की प्रश्न अवघड होतो. हळदीतील कर्क्युमीन हे द्रव्य नुसते खाल्ले तर रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांस दोन ग्रॅम कर्क्युमिनाबरोबर मिरीतील पायपरीन अवघे वीस मिलिग्रॅम दिले, तो कर्क्युमिनाचे शरीरात उतरणे सुमारे वीसपटीने वाढलेले आढळले. ह्या विचाराचा माग त्याही मागे जातो. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन शाळेतील शास्त्रज्ञांनी, वैद्यांच्या इतक्या योगांत सुंठ, मिरी आणि पिंपळी हे त्रिकटू पुन्हा पुन्हा का येते, असा प्रश्न स्वतःस विचारला आणि १९८० च्या सुमारास असे दाखवून दिले की, त्रिकटू इतर औषधांस शरीरात शिरावयास साहाय्य करते. ह्याच धोरणाने पुढे २००९ साली क्षयावरील एक औषध आपल्याकडे निघाले. त्यात पायपरिनाच्या जोरावर रिफॅम्पिसिनाची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली होती. दरम्यान, पोषक द्रव्यांचे शोषण वाढविण्यासाठी पायपरीन वापरण्यावर १९९६ साली अमेरिकेत पेटंटही दिले गेले होते.

आता ‘हळद आणि मिरी आम्ही पिढ्यानपिढ्या एकाच फोडणीत घालीत आलो’ असे म्हणून ह्या साऱ्यावर हक्क सांगणे मनास गोड वाटते. परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. आमच्या आज्यांनी मिरी घातली ती चवीसाठी. वीस मिलिग्रॅमांनी काय होते हे त्यांस ठाऊक नव्हते. वैद्यांनी त्रिकटू घातले ते मात्र औषधाचा गुण वाढावा म्हणूनच. कारणमीमांसा त्यांनी आपल्या परिभाषेत केली होती. म्हणजे येथे एकाच संयोगाच्या तीन पायऱ्या दिसतात. कृती घडत होती, पण हेतू निराळा होता; हेतूही तोच होता, पण कारण निराळ्या भाषेत सांगितले होते; आणि अखेरीस कारण मापून दाखविले गेले. ह्यांपैकी कोणत्या पायरीवर उभा असलेला मनुष्य ‘हे माझे’ म्हणण्यास अधिकारी होतो?

आमचे उत्तर असे की, जुन्या कृतीचे नवे कारण सांगितल्याने ती कृती कोणाची होत नाही. नव्या कारणाच्या आधाराने जो पूर्वी कोणी न केलेली आणि सहज न सुचणारी कृती करतो, त्याचा त्या नव्या कृतीपुरता अधिकार आम्ही मान्य करू. क्षयाच्या औषधाची मात्रा निम्म्याहून खाली आणणे ही अशी नवी कृती होती. तिला भाजीच्या फोडणीत उत्तर नव्हते. पण हळदीत मिरी घालणे हे कारण कळल्यानंतरही तेच राहिले. २०२३ साली अमेरिकेतील अपील न्यायालयापुढे ह्याच स्वरूपाचा प्रश्न आला होता. पूरक म्हणून विकले जाणारे ‘गाबा’ नावाचे द्रव्य आणि रक्तदाबावरील एका परिचित वर्गातील औषध ही एकत्र देण्यावर पेटंट मागितले होते. दोन्ही रक्तदाबावर उपयोगी हे आधीच माहीत होते. अर्जदाराचे म्हणणे असे की, ती ज्या मार्गाने काम करतात तो मार्ग कोणाच्या स्वप्नातही नव्हता. न्यायालयाने उत्तर दिले की, माहीत असलेल्या द्रव्यांनी माहीत असलेलेच फळ मिळत असेल, तर त्यामागील यंत्रणा कितीही अनपेक्षित असो, तेवढ्याने पेटंट मिळत नाही. हा निर्णय ज्ञानाचा अवमान करणारा आहे असे काहींस वाटेल. आम्हांस तो ज्ञानाचा मान राखणारा वाटतो. कारण सांगणाऱ्यास कीर्ती मिळावी, पद मिळावे, समाजाची कृतज्ञता मिळावी. परंतु जे लोक ती कृती आधीपासून करीत होते किंवा उद्या सहज करणार होते, त्यांचे हात बांधण्याचा अधिकार त्यास मिळू नये. सूर्य का उगवतो हे ज्याने सांगितले, त्याला उन्हाचे भाडे मागता येत नाही.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. स्वस्त आणि परिचित द्रव्यांच्या मिश्रणांची नीट परीक्षा करावयाची म्हणजे शेकडो रुग्ण, अनेक महिने आणि पुष्कळ पैसा लागतो. फळ मिळाल्यावर जर ते कोणीही विकू शकत असेल, तर हा खर्च कोण करील? पेटंट नाकारून तुम्ही परीक्षाच नाकारीत आहा, असे व्यापारी म्हणतात. ह्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पेटंट हे श्रमाचे वेतन नव्हे. तसे असते तर विहीर खणणाऱ्यास पाण्याची मक्तेदारी मिळाली असती. शिवाय व्यवहारात पेटंट बहुधा मोठ्या परीक्षेच्या आधीच घेतलेले असते. ग्लुकोसमीन आणि काँड्रॉयटिन ह्यांच्या मिश्रणावर सांध्यांसाठी म्हणून अमेरिकेत १९९४ साली पेटंट मिळाले; त्यांची सरकारी खर्चाने केलेली मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली ती २००६ साली. १५८३ रुग्णांवर चोवीस आठवडे चाललेल्या त्या परीक्षेत, गुडघेदुखीवर ही द्रव्ये एकेकटी किंवा एकत्र दिली असता एकंदर रुग्णांत निष्फळ गोळीपेक्षा ठळकपणे अधिक उपयोगी ठरली नाहीत. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या एका लहान गटात मात्र मिश्रणाचा काही लाभ दिसला. पेटंट प्रथम मिळाले आणि सत्य बारा वर्षांनी आले. आणि ते सत्य आणण्याचा खर्च केला तो समाजाने. जम्मूची संशोधन शाळाही समाजाच्याच पैशावर चालत होती. तेव्हा जेथे द्रव्ये सर्वांची आहेत, तेथे परीक्षेचा भारही सर्वांनी उचलावा आणि फळही सर्वांस मोकळे असावे, हाच रास्त मार्ग दिसतो.

ह्या शेवटल्या उदाहरणातून कुटुंबवत्सल वाचकांनी एक व्यावहारिक बोधही घ्यावा. डब्यावर ‘पेटंट’ हा शब्द वाचला की आपला विश्वास बळावतो. जणू काही सरकारने त्या गोळीच्या गुणाची ग्वाही दिली आहे. वस्तुतः पेटंट इतकेच सांगते की, ही जुळणी इतर कोणी आधी केलेली तपासनिसास आढळली नाही आणि ती सहज सुचण्याजोगी त्यास वाटली नाही. ती गोळी घेऊन तुमच्या आईचे गुडघे बरे होतील, असे ते म्हणत नाही. मागील शतकांत इंग्लंड-अमेरिकेत जी ‘पेटंट औषधे’ म्हणून गाजली, त्यांतील बहुतेकांस पेटंट मुळी नव्हतेच. तो नुसता नावाचा रुबाब होता. शब्द तोच राहिला आणि त्यावरील भाबडा विश्वासही तोच राहिला.

तात्पर्य, संयोगावर स्वामित्व सांगणाऱ्यास तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. तुझे घटक एकत्र आल्यावर जे करतात, ते एकेकटे असताना करीत होते काय? ते फळ घटकांवरून आगाऊ सांगता आले नसते, हे शोधाच्या आदल्या दिवशीच्या पुराव्याने तू दाखवू शकतोस काय? आणि तू आम्हांस नवी कृती देत आहेस, की आमच्याच कृतीचे कारण सांगून तिची किंमत मागत आहेस? ह्यांची उत्तरे देण्याचा भार मागणाऱ्यावर असावा. कारण तो ज्यांचे हात वीस वर्षे बांधू इच्छितो, ते असंख्य लोक त्या कचेरीत हजर नसतात आणि त्यांच्या वतीने बोलणारा वकीलही तेथे नसतो. जो ह्या तिन्ही प्रश्नांस उतरेल, त्याला त्याचा मोबदला हात आखडता न घेता द्यावा. कारण खरा संयोग साधणे हे दुर्मिळ आणि कष्टाचे काम आहे. जो उतरणार नाही, त्याने आपली गोळी खुशाल विकावी. शेजाऱ्यालाही ती करू द्यावी, म्हणजे झाले.